आयगेनव्हॅल्यू मोजण्याचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात न्यूमरिकल मेथड्स शिकवताना जे प्रश्न वर्गात, मेलवर आणि रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं आहेत, चाकण-पिंपरीला गाड्यांच्या कंपनांवर काम करणारे आहेत, हिंजवडीतले डेटा सायन्सवाले आहेत, आणि ‘हे आधी नक्की कोणी केलं’ याचा चोख हिशेब मागणारे निवृत्त प्राध्यापकही आहेत. प्रश्न सोप्यापासून अवघडाकडे जातात. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. सर, आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय, हे सूत्र न लिहिता सांगाल का?

मॅट्रिक्सने (म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीने) एखाद्या सदिशाला गुणलं की साधारणपणे त्याची लांबीही बदलते आणि दिशाही. काही मोजक्या दिशा मात्र अशा असतात की गुणाकारानंतरही सदिश त्याच रेषेवर राहतो. तो फक्त ताणला जातो, आखडतो किंवा उलटा होतो. ती दिशा म्हणजे आयगेनव्हेक्टर, आणि किती पट ताणला गेला तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. गाडीच्या सांगाड्याच्या किंवा पुलाच्या गणितात नैसर्गिक वारंवारता याच आकड्यांतून मिळतात.

खालची बरीच उदाहरणं एकाच मॅट्रिक्सवर आहेत, ते वहीत लिहून ठेवा: पहिली ओळ २, १ आणि दुसरी ओळ १, ३. त्याच्या आयगेनव्हॅल्यू ३.६१८ आणि १.३८२.

२. परीक्षेत आम्ही डिटर्मिनंट शून्य धरतो, बहुपदी मांडतो आणि मुळं काढतो. मग एवढ्या पद्धती लागतातच कशाला?

दोन बाय दोनला तुमचीच पद्धत उत्तम. वरच्या मॅट्रिक्सची बहुपदी क्ष² − ५क्ष + ५, आणि वर्गसमीकरणाचं सूत्र लावलं की काम संपलं. तीन बाय तीनही निभतं, कारण पेपर काढणारे मुळं पूर्णांक येतील अशी काळजी घेतात.

पाच बाय पाचला गाडी अडते. पाचव्या किंवा त्यावरच्या घाताच्या समीकरणाला बेरीज, गुणाकार आणि मुळं वापरून सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं. आणि कुठलीही बहुपदी घ्या, ती कुठल्यातरी मॅट्रिक्सची असतेच (प्रश्न १५). म्हणजे ठरावीक पायऱ्यांत कुठल्याही मॅट्रिक्सच्या अचूक आयगेनव्हॅल्यू देणारी कृती सापडली, तर आबेल खोटा ठरेल. तो खोटा नाही. त्यामुळे मोठ्या मॅट्रिक्ससाठीची प्रत्येक पद्धत मुळातच ‘जवळ जवळ जात राहा’ अशी असते. तोंडी परीक्षेत हे सांगून बघा, परीक्षकाचा चेहरा खुलतो.

याशिवाय वीस बाय वीसचा डिटर्मिनंट शाळेतल्यासारखा उलगडायचा म्हटलं तर सुमारे २४ वर १७ शून्यं इतकी पदं होतात. पण खरा दोष हा नव्हे. तो पुढच्या उत्तरात.

३. बहुपदीची मुळं संगणक काढू शकतो ना? मग बहुपदी बनवण्यात गैर काय?

मला कोणी एकच गोष्ट शिकवायची परवानगी दिली तर मी ही शिकवेन.

इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जेम्स विल्किन्सन नावाचे गणिती होते. ट्युरिंगच्या हाताखाली सुरुवात करून पायलट एस हा संगणक उभा करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी एक साधी दिसणारी बहुपदी घेतली, जिची मुळं १, २, ३ अशी थेट २० पर्यंत. गुणाकार उलगडला की क्ष च्या १९ व्या घाताचा गुणक येतो −२१०. तो त्यांनी अगदी किंचित हलवला, −२१०.००००००११९ केला. बाकी एकाही गुणकाला हात लावला नाही.

छोटी मुळं जागची हलली नाहीत. पण १६ आणि १७ ही दोन मुळं वास्तव रेषा सोडून गेली. त्यांच्या जागी संमिश्र जोडी आली: वास्तव भाग १६.७३, काल्पनिक भाग अधिक-उणे २.८१. विसापैकी दहा मुळं अशी संमिश्र झाली, आणि २० चं झालं २०.८५. दशांशाच्या सातव्या स्थळावर धक्का दिला आणि उत्तर एककाच्या स्थळावर कोसळलं.

आता मॅट्रिक्सकडे या. कर्णावर १ ते २० असलेलं सममित (म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे तेच आकडे असलेलं) मॅट्रिक्स घेऊन त्यातल्या आकड्यांना तेवढाच धक्का दिला तर आयगेनव्हॅल्यूही साधारण तेवढ्याच हलतात. म्हणजे मूळ प्रश्न धडधाकट होता, आपण वाटेत बहुपदी बनवली आणि तो आजारी पडला. संगणक आकडे गोल करून ठेवतो, त्यामुळे गुणकांत असा धक्का बसणारच.

आयगेनव्हॅल्यू मोजण्याचा इतिहास म्हणजे या बहुपदीपासून हळूहळू दूर जाण्याचा इतिहास, असं माझं मत आहे. पुढची उत्तरं त्या नजरेनेच वाचा. ‘मॅट्रिक्सला एवढा मान आणि बहुपदीला एवढा अपमान का’ अशी कोणी तक्रार केली तर त्यांना हेच उदाहरण दाखवा.

४. हे सगळं सुरू कुठून झालं? संगणकाबरोबरच ना?

नाही, ग्रहांबरोबर. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हजारो वर्षांत सावकाश बदलतात. हे बदल वाढत जाऊन सूर्यमाला विस्कटेल का, या प्रश्नावर लाग्रांज आणि लाप्लास अठराव्या शतकातच बसले होते. त्या गणितात जे समीकरण येतं तेच आपलं आयगेनव्हॅल्यूचं समीकरण. सममित मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू वास्तवच असतात, हे कोशीने १८२९ मध्ये दाखवलं, तेही याच ग्रहांच्या संदर्भात. केलींचा मॅट्रिक्सवरचा प्रसिद्ध निबंध १८५८ चा. म्हणजे वस्तूला नीट रूप येण्याआधी तिच्या आयगेनव्हॅल्यू काढायचं काम चालू होतं.

१८४० मध्ये फ्रान्सच्या लव्हेरिए यांनी तेव्हा माहीत असलेल्या सात ग्रहांसाठी हे गणित बहुपदीच्या मार्गाने केलं. त्यांचेच आकडे घेऊन जॅकोबींनी १८४६ मध्ये बहुपदी न बनवता तेच उत्तर काढायची कृती छापली. त्याच वर्षी सप्टेंबरात लव्हेरिएंच्या भाकितावरून बर्लिनमध्ये नेपच्यून सापडला आणि सातांचे आठ झाले.

५. जॅकोबी पद्धतीत नेमकं काय करतात? आणि ती मधली शंभर वर्षं कुठे होती?

सममित मॅट्रिक्समध्ये कर्णाबाहेरची एक मोठी संख्या निवडायची. तिच्या दोन अक्षांच्या प्रतलात अक्ष असे फिरवायचे की ती संख्या शून्य होईल. मग पुढची. आधी शून्य केलेली जागा पुन्हा भरते, पण कर्णाबाहेरच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज दर वेळी कमीच होते. शेवटी कर्णावर उरतात त्या आयगेनव्हॅल्यू.

जॅकोबींनी सात बाय सातच्या त्या मॅट्रिक्सवर हे हातानेच केलं. आकडेमोडीला त्यांचा विद्यार्थी लुडविग सायडेल होता. गाउस-सायडेलमधला सायडेल तो हाच! त्यांनी शेवटपर्यंत फिरवत बसण्याचा हट्ट धरला नाही. कर्ण पुरेसा वरचढ झाल्यावर दुरुस्तीची वेगळी पुनरावृत्ती लावली. तो दुसरा भाग लोक विसरले. १९९६ मध्ये स्लाइपेन आणि व्हान डर व्हॉर्स्ट यांनी तो उचलून जॅकोबी-डेव्हिडसन पद्धत मांडली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

पहिला भागही बराच काळ धूळ खात होता. हाताने करायला तो फार लांबतो. संगणक येताच फॉन नॉयमन, गोल्डस्टाइन आणि मरे यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा पुढे आणला. मग क्यूआर आली (प्रश्न ९) आणि जॅकोबी पुन्हा मागे पडली. त्यानंतर समांतर संगणक आले. वेगवेगळ्या जोड्यांची फिरवाफिरव एकाच वेळी वेगवेगळ्या प्रोसेसरवर करता येते, म्हणून जॅकोबी तिसऱ्यांदा परतली. १९९२ मध्ये डेमेल आणि व्हेसेलिच यांनी दाखवलं की धन निश्चित (म्हणजे सगळ्या आयगेनव्हॅल्यू धन असलेल्या) सममित मॅट्रिक्सच्या बारक्या आयगेनव्हॅल्यू जॅकोबी ही क्यूआरपेक्षा अचूक देऊ शकते. जुनी म्हणून मोडीत काढू नका.

६. पॉवर मेथड हाताने करून दाखवाल का?

आपलं मॅट्रिक्स घ्या (प्रश्न १) आणि (१, ०) या सदिशाला त्याने गुणत जा:

(२, १), (५, ५), (१५, २०), (५०, ७५), (१७५, २७५), (६२५, १०००), (२२५०, ३६२५)

आता दुसऱ्या घटकाला आधीच्या दुसऱ्या घटकाने भागा: २० ÷ ५ = ४, मग ३.७५, ३.६६७, ३.६३६, ३.६२५. खरं उत्तर ३.६१८. दर पायरीला चूक साधारण ०.३८ पट होते, आणि हा ०.३८ म्हणजे १.३८२ भागिले ३.६१८. दोन सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यू जितक्या जवळ, तितकी ही पद्धत मंद.

म्युंट्झने १९१३ मध्ये ही कल्पना वापरली. १९२९ मध्ये रिचर्ड फॉन मिझेस आणि हिल्डा गाइरिंगर यांनी ती व्यवस्थित मांडली. पाठ्यपुस्तकात बहुतेक वेळा एकट्या मिझेसचं नाव असतं. गाइरिंगर बाईंचं नाव तुम्ही तरी घ्या.

७. पॉवर मेथड सर्वांत मोठीच आयगेनव्हॅल्यू देते. मला गाडीच्या सांगाड्याची सर्वांत कमी वारंवारता हवी आहे, मग काय?

उलट्या मॅट्रिक्सवर चालवा. त्यात सर्वांत छोटी आयगेनव्हॅल्यू सर्वांत मोठी होते. व्यस्त मॅट्रिक्स खरंखुरं काढायचं नाही, दर पायरीला समीकरणं सोडवायची. कर्णातून एखादा आकडा आधी वजा केला तर त्या आकड्याच्या जवळची आयगेनव्हॅल्यू मिळते. हे १९४४ मध्ये हेल्मुट व्हीलांट यांनी गटिंगेनमध्ये मांडलं, विमानाच्या पंखांच्या फडफडीच्या म्हणजे फ्लटरच्या कामातून.

इथे एक गंमत आहे. वजा केलेला आकडा आयगेनव्हॅल्यूच्या अगदी लगत असला की समीकरणं जवळजवळ न सुटण्याजोगी होतात, आणि सदिशाची लांबी भलतीच येते. विद्यार्थी घाबरतात. घाबरू नका. चूक झालीच तर ती मुख्यतः आपल्याला हव्या त्याच दिशेने होते. लांबी पुन्हा १ करून घेतली की उरतो तो चांगला आयगेनव्हेक्टर.

८. गिव्हन्स आणि हाउसहोल्डर आम्हाला क्यूआरच्या धड्यात शिकवतात. त्यांचा आयगेनव्हॅल्यूशी काय संबंध?

दोघेही अमेरिकेतल्या ओक रिजशी संबंधित. गिव्हन्स यांनी १९५४ च्या सुमारास जॅकोबीची फिरवाफिरव थोडी शहाणपणाने वापरली. सगळं शून्य करण्याचा नाद सोडून फक्त कर्ण आणि त्याला लागून दोन पट्टे ठेवायचे. एवढं मात्र ठरावीक पायऱ्यांत होतं, आबेल आडवा येत नाही. मग त्या त्रिपट्टी मॅट्रिक्समध्ये ‘अमुक आकड्याच्या खाली किती आयगेनव्हॅल्यू आहेत’ हे स्टर्मच्या जुन्या प्रमेयाने मोजायचं आणि मध्य काढत काढत जवळ जायचं. हाउसहोल्डर यांनी १९५८ मध्ये फिरवण्याऐवजी आरशासारखं परावर्तन वापरलं, त्यात एका फटक्यात अख्खा स्तंभ साफ होतो आणि काम कमी पडतं.

मॅट्रिक्स सममित नसेल तर त्रिपट्टीऐवजी कर्णाखाली एकच पट्टा उरतो. त्याला कार्ल हेसेनबर्ग या जर्मन इंजिनिअरचं नाव आहे. हायझेनबर्ग वेगळे! दर वर्षी उत्तरपत्रिकेत कोणीतरी अनिश्चिततेचं तत्त्व इथे आणतोच.

९. एलआर आणि क्यूआर या पद्धती कशा सुचल्या? नुसतं तोडून उलटं जोडल्यावर आयगेनव्हॅल्यू येतात हे जादूसारखं वाटतं.

मलाही वाटतं. करूनच बघू.

आपलं मॅट्रिक्स खालचा त्रिकोण गुणिले वरचा त्रिकोण असं तोडा. खालच्याच्या कर्णावर १, आणि कोपऱ्यात ०.५. वरच्यात पहिली ओळ २, १ आणि दुसरी ओळ ०, २.५. आता क्रम उलटा करून गुणा, वरचा आधी आणि खालचा नंतर. मिळतं २.५, १ आणि खाली १.२५, २.५. पुन्हा तोडा, पुन्हा उलटं जोडा. कर्णावरचे आकडे असे चालतात:

(२, ३), (२.५, २.५), (३, २), (३.३३, १.६७), (३.५, १.५), (३.५७, १.४३)

खालच्या डाव्या कोपऱ्यात १, १.२५, १, ०.५६, ०.२५, ०.१०. तो शून्याकडे चालला आहे, आणि कर्ण ३.६१८ व १.३८२ कडे. दर वेळी आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत, कारण उलटं जोडणं म्हणजे नुसता आधार बदलणं. आत लपून पॉवर मेथडच सगळ्या दिशांवर एकदम चालू असते, म्हणून कोपरा अखेरीस त्याच ०.३८ च्या वेगाने आक्रसतो.

हे झुरिकच्या हाइन्झ रूटिसहाउझर यांचं काम, साधारण १९५४ ते १९५८ मधलं. त्यात एक खोट होती. तोडताना भागाकारात शून्य किंवा अगदी लहान आकडा आला की सगळं उधळतं. लंडनमध्ये जॉन फ्रान्सिस नावाच्या तरुणाने त्रिकोणाऐवजी लांबी न बदलणारं मॅट्रिक्स घेतलं. ते फिरवतं किंवा परावर्तित करतं, काहीच फुगवत नाही. झाली क्यूआर.

१०. मग क्यूआरचं श्रेय फ्रान्सिसला की रशियातल्या बाईंना?

दोघांनाही, आणि खरोखर स्वतंत्रपणे. फ्रान्सिस यांचे दोन लेख १९६१ आणि १९६२ मध्ये छापून आले. लेनिनग्राडच्या व्हेरा कुब्लानोव्स्काया यांनी १९६१ मध्येच तीच पुनरावृत्ती मांडली. पण व्यवहारात चालणारी क्यूआर बऱ्याच अंशी फ्रान्सिसची, कारण प्रश्न ११ मधल्या तिन्ही युक्त्या त्यांच्या लेखांत आहेत.

फ्रान्सिस यांच्याकडे तेव्हा पदवी नव्हती. केंब्रिजला गेले होते, शिक्षण पुरं केलं नाही. लेख लिहून ते या विषयातून बाहेर पडले आणि पुढची पंचेचाळीस वर्षं त्यांना पत्ताच नव्हता की जगभर आपली पद्धत चालते. २००७ मध्ये जीन गोलब आणि फ्रँक उलिग यांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा ते कळलं. एकविसाव्या शतकाच्या तोंडावर, २००० मध्ये, विसाव्या शतकातल्या दहा महत्त्वाच्या अल्गोरिदमची एक यादी निघाली होती. तिच्यात क्यूआर होतीच, आणि कर्त्याला त्या यादीचीही वार्ता नव्हती.

११. शिफ्ट म्हणजे काय? आणि ती नसेल तर क्यूआर चालत नाही का?

चालते, पण रांगत. दोन आयगेनव्हॅल्यूंचं गुणोत्तर १ च्या जवळ असलं की कोपरा शून्य व्हायला युगं लागतात. म्हणून दर पायरीला कर्णातून आयगेनव्हॅल्यूचा एक अंदाज वजा करायचा, पायरी करायची, परत मिळवायचा. अंदाज सुधारत जातो तसा वेग इतका वाढतो की एकेका आयगेनव्हॅल्यूला साधारण दोन-तीन पायऱ्या पुरतात. ही पहिली युक्ती.

दुसरी युक्ती आधी हेसेनबर्ग करून घेण्याची. पूर्ण मॅट्रिक्सवर एक पायरी म्हणजे आकाराच्या घनाइतकं काम. हेसेनबर्गवर ते वर्गाइतकं होतं, त्रिपट्टीवर तर नुसतं आकाराइतकं.

तिसरी सर्वांत सुंदर. वास्तव मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू संमिश्र असू शकतात, मग अंदाजही संमिश्र हवेत, आणि १९६० च्या संगणकावर संमिश्र अंकगणित म्हणजे जागा आणि वेळ दोन्हींची चैन. फ्रान्सिसने एका जोडीच्या दोन शिफ्ट एकदम, पूर्ण वास्तव अंकांत केल्या. वरच्या कोपऱ्यात एक छोटा फुगवटा तयार होतो आणि तो कर्णावरून खाली हाकलत न्यायचा.

१२. क्रिलोव्ह आणि लँझॉस यांचं नाव मोठ्या मॅट्रिक्ससाठी घेतात. त्यांचं वेगळं काय?

एक लाख बाय एक लाखाचं भरलेलं मॅट्रिक्स नुसतं साठवायलाच ८० जीबी लागतात. पण सांगाड्याच्या किंवा नेटवर्कच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक जागी शून्यं असतात. तिथे मॅट्रिक्सची मोडतोड परवडत नाही, ते फक्त सदिशाला गुणता येतं.

पॉवर मेथडमध्ये आपण शेवटचा सदिश ठेवतो आणि आधीचे फेकून देतो. रशियाचे नौदल-अभियंते अलेक्सेई क्रिलोव्ह यांनी १९३१ मध्ये ते सगळे वापरले. गंमत म्हणजे त्यांना हवी होती बहुपदीच! कॉर्नेलियस लँझॉस यांनी १९५० मध्ये लॉस एंजेलिसला असताना त्याच सदिशांतून त्रिपट्टी मॅट्रिक्स उभं केलं, आणि १९५१ मध्ये वॉल्टर आर्नोल्डी या इंजिनिअरने सममित नसलेल्यांसाठी.

लँझॉसची मग काही वर्षं बदनामी झाली. कागदावर सदिश एकमेकांना काटकोनात राहतात, संगणकावर थोड्याच पायऱ्यांत ते कलंडतात आणि एकच आयगेनव्हॅल्यू दोनदा, तीनदा हजेरी लावते. लोकांनी पद्धत टाकून दिली. १९७१ मध्ये ख्रिस पेज यांनी लंडन विद्यापीठातल्या प्रबंधात दाखवलं की काटकोन बिघडतो तोच मुळी आयगेनव्हॅल्यू नीट सापडली म्हणून. खोट आणि यश एकाच क्षणी येतात. खोट समजली, मग तिच्यावर इलाज झाले, आणि आज गाड्यांच्या कंपनांच्या सॉफ्टवेअरमध्ये लँझॉसचाच पर्याय पहिल्यांदा दिसतो. वेताळ टेकडीवर, म्हणजे वाहनांवर संशोधन करणारी एआरएआय संस्था जिथे आहे त्या आपल्या टेकडीवर, फिरायला जाणाऱ्यांपैकी काहींची रोजीरोटी त्यावर असेल.

१३. गूगल पॉवर मेथड वापरतं हे खरं का?

ब्रिन आणि पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेली, वेबपानांना महत्त्वाप्रमाणे क्रम लावणारी पेजरँक तशीच होती. (हे पेज वेगळे, प्रश्न १२ मधले नव्हेत.) त्यात ०.८५ हा गुणक घातल्यामुळे चूक दर पायरीला निदान तेवढ्या पटीने घटते. पन्नास पायऱ्यांत ती सुमारे ०.०००३ पट उरते. अब्जावधी पानांसाठी पन्नास गुणाकार, म्हणून जुनीच पद्धत पुरली.

१४. आमच्या नम्पाय, सायपाय आणि मॅटलॅबमध्ये यापैकी नक्की काय चालतं?

१९७१ मध्ये विल्किन्सन आणि राइन्श यांनी अल्गोलमधल्या कृतींचा संग्रह काढला. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत त्यांचं फोरट्रानमध्ये रूपांतर होऊन आयस्पॅक झालं. क्लीव्ह मोलर यांनी विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकवता ते वापरता यावं म्हणून मॅटलॅबची पहिली आवृत्ती लिहिली. १९९२ मध्ये लॅपॅक ही मॅट्रिक्स-गणिताची लायब्ररी आली, आणि आज नम्पाय (पायथनमधली गणिताची लायब्ररी) व मॅटलॅब दोन्ही तिलाच हाक मारतात.

सर्वसाधारण मॅट्रिक्सला हेसेनबर्ग आणि क्यूआर, म्हणजे अजूनही फ्रान्सिस. त्यात २००२ मध्ये ब्रामन, बायर्स आणि मथायस यांनी आयगेनव्हॅल्यू लवकर ओळखून बाजूला काढण्याची चांगली भर घातली. सममितला नम्पाय ‘फोडा आणि जोडा’ पद्धत वापरतं, तिचा उगम क्युपेन यांच्या १९८१ च्या लेखात. सायपायचा सममित पर्याय बहुधा इंदरजित धिल्लन यांच्या १९९७ च्या बर्कलीतल्या प्रबंधातून आलेल्या पद्धतीवर चालतो. ‘यात एकही भारतीय नाव नाही का’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर, धिल्लन आयआयटी मुंबईचे. विरळ (बहुतेक शून्यं असलेल्या) मॅट्रिक्सला आर्नोल्डीचा वारसा सांगणारं आरपॅक.

१५. मॅटलॅब बहुपदीची मुळं काढताना आधी मॅट्रिक्स बनवतं असं वाचलं. हे उलटं नाही का?

उलटंच आहे. सर्वांत मोठ्या घाताचा गुणक १ करून घ्यायचा, बाकीचे गुणक उलट्या चिन्हांनी पहिल्या ओळीत मांडायचे, कर्णाखाली १ चा पट्टा, बाकी शून्य. या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्या बहुपदीची मुळं, आणि ते जन्मतःच हेसेनबर्ग असतं, त्यामुळे थेट क्यूआर लावता येते. आपला अभ्यासक्रम मॅट्रिक्सकडून बहुपदीकडे जातो, सॉफ्टवेअर बहुपदीकडून मॅट्रिक्सकडे. पण प्रश्न ३ मधल्या वीस मुळांच्या बहुपदीचं दुखणं याने बरं होत नाही. तिचे गुणकच नाजूक आहेत.

१६. माझं मॅट्रिक्स सममित आहे, तरी नम्पाय संमिश्र आयगेनव्हॅल्यू देतं. लायब्ररीत बग आहे का?

नाही. तुमचं मॅट्रिक्स ‘जवळजवळ’ सममित आहे. आकडे गोल होताना सोळाव्या स्थळावर दोन बाजू वेगळ्या पडतात, आणि ‘आयग’ हे सर्वसाधारण फंक्शन सममिती गृहीत धरत नाही. ‘आयगएच’ वापरा. ते नेहमीच्या सेटिंगला फक्त खालचा त्रिकोण वाचतं, उत्तरं वास्तव आणि चढत्या क्रमाने देतं. मात्र मॅट्रिक्स खरोखरच सममित नसेल तरी ते तक्रार करत नाही, बिनबोभाट भलतं उत्तर देतं. आधी तपासा.

१७. माझ्या लॅपटॉपवर आणि कॉलेजच्या मशीनवर आयगेनव्हेक्टर वेगळे येतात. बरोबर कुठले?

बहुधा दोन्ही. चिन्ह उलटं असणं निरुपद्रवी. आयगेनव्हॅल्यू दुहेरी असेल तर त्या प्रतलातली कुठलीही जोडी चालते. आयगेनव्हेक्टरऐवजी त्यांनी व्यापलेली जागा ताडून बघा.

१८. क्यूआर कधी पूर्ण अडकते का?

हो, आणि उदाहरण तीन ओळींचं आहे: ०, ०, १, मग १, ०, ०, मग ०, १, ०. हे मॅट्रिक्स फक्त अक्षांची अदलाबदल करतं. फ्रान्सिसची दुहेरी शिफ्ट खालच्या दोन बाय दोनवरून शून्य आणि शून्य निघते, आणि पायरीनंतर मॅट्रिक्स जसंच्या तसं. कितीही वेळा फिरवा.

आयस्पॅकवाल्यांचा इलाज अगदी देशी वाटावा असा होता: दहाव्या आणि विसाव्या फेरीत नेहमीचं गणित सोडून एक आडवीतिडवी शिफ्ट द्यायची, म्हणजे घडी मोडते. सममित त्रिपट्टीसाठी विल्किन्सन यांनी १९६८ मध्ये त्यांच्या शिफ्टने क्यूआर हमखास पोचते हे सिद्ध केलं. सर्वसाधारण मॅट्रिक्ससाठी मात्र दशकानुदशकं ‘चालते, कारण चालते’ एवढंच होतं. बँक्स, गार्झा-व्हार्गास आणि श्रीवास्तव यांनी २०२१ मध्ये योग्य शिफ्ट निवडून क्यूआर उत्तरापर्यंत पोचण्याची हमी देणारी सिद्धता मांडली.

१९. पुण्याचा यात काही हात आहे का?

शोधात नाही, उगाच ओढूनताणून जोडणार नाही. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये इथे परम ८००० हा समांतर महासंगणक उभा केला, तेव्हा समांतर मॅट्रिक्स गणित आपल्याकडच्या लोकांच्या हाताखाली आलं. प्रश्न ५ मधली जॅकोबीची तिसरी परतणी साधारण त्याच काळातली.

२०. जॉर्डन रूप सिद्धांतात इतकं महत्त्वाचं, मग कुठलंच सॉफ्टवेअर दशांश आकड्यांसाठी ते का देत नाही?

जॉर्डन रूप म्हणजे कर्णावर आयगेनव्हॅल्यू, आणि आयगेनव्हॅल्यू पुन्हा पुन्हा येत असेल तिथे कर्णाच्या वर काही १. आता दहा बाय दहा घ्या. कर्णावर शून्य, त्याच्या वरच्या पट्ट्यात सगळे १. दहाही आयगेनव्हॅल्यू शून्य. आता खालच्या डाव्या कोपऱ्यात ०.०००००००००१ टाका, म्हणजे दशांशचिन्हानंतर नऊ शून्यं आणि मग १. आयगेनव्हॅल्यू होतात ०.१ त्रिज्येच्या वर्तुळावर पसरलेले दहा वेगळे आकडे, कारण त्या संख्येचं दहावं मूळ ०.१ आहे. गोल करण्याची सोळाव्या स्थळावरची चूकही असल्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंना ०.०२५ इतकं सरकवू शकते. सममित मॅट्रिक्समध्ये असं होत नाही, तिथे धक्क्यापेक्षा जास्त सरकता येत नाही, हे व्हाइल यांनी १९१२ मध्येच दाखवलं होतं.

म्हणून संगणकाला ‘इथे दुहेरी आयगेनव्हॅल्यू आहे’ असं छातीठोकपणे म्हणताच येत नाही. किंचित हललं की जॉर्डन रूप पार बदलतं. त्याऐवजी सॉफ्टवेअर शूर यांचं १९०९ चं वरच्या त्रिकोणाचं रूप देतं, जे क्यूआरमधून आपोआप निघतं आणि लांबी न बदलणाऱ्या मॅट्रिक्सनेच मिळतं. प्रबंधात जॉर्डन रूप हवंच असेल तर आकडे अपूर्णांकात ठेवा आणि चिन्हांनी (सिम्बॉलिक) गणित करणारं सॉफ्टवेअर घ्या. सहा-सात बाय सहा-सातच्या पुढे ते फार हळू होतं, तेव्हा रात्री लावून ठेवा.